टी-वन की जेन-जी? बाजू घेण्याआधी

'लीग ऑफ लेजंड्स' या पाच विरुद्ध पाच अशा संगणकीय खेळाची कोरियातली लीग, म्हणजे एलसीके, नियमित बघू लागलेल्या माणसापुढे हा प्रश्न वर्षभरात येतोच: टी-वनचं व्हायचं की जेन-जीचं? सुरुवातीला आपण सगळ्यांचे सामने बघतो, जो चांगला खेळेल त्याचं कौतुक करतो. मग कधीतरी निर्णायक पाचव्या गेममध्ये बॅरन नावाच्या राक्षसापाशी दोन्ही संघ समोरासमोर येतात, आपला श्वास अडकतो आणि लक्षात येतं की आपण मनातल्या मनात एकाची बाजू घेऊन बसलो आहोत. 'लीग ऑफ लेजंड्स'मध्ये २०२२पासून ही बाजू बहुतेक वेळा टी-वनची नाहीतर जेन-जीची असते. मी दोन्ही संघ मनापासून बघितले, त्यांतला एक माझा झाला. तो का झाला ते सांगतो. तुमचं उत्तर वेगळं आलं तरी ते चूक ठरत नाही.

नुसत्या ट्रॉफ्या मोजायच्या असतील तर प्रश्न इथेच मिटतो. टी-वनची वर्ल्ड्सची, म्हणजे वर्षअखेरच्या जागतिक स्पर्धेची, जेतेपदं सहा: २०१३, २०१५, २०१६, २०२३, २०२४, २०२५. एवढी दुसऱ्या कुणाकडे नाहीत, आणि सलग तीनदा जिंकणंही दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. पण ट्रॉफ्या बघून संघ धरणारा माणूस पहिल्या पडत्या काळात सोडूनही जातो. म्हणून मला आधी इतिहास बघावासा वाटतो.

टी-वनचा इतिहास सरळ रेषेत जातो. २००४मध्ये एसके टेलिकॉमने स्टारक्राफ्टचा संघ उभा केला, २०१२च्या अखेरीस 'लीग ऑफ लेजंड्स'मध्ये पाऊल टाकलं, २०१३च्या वसंतात मिडला, म्हणजे नकाशावरच्या मधल्या वाटेवर, खेळणारा फेकर पहिल्यांदा मंचावर आला आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसला रॉयल क्लबला ३-० हरवून वर्ल्ड्स जिंकलं. पुढे मालकीत कॉमकास्ट आलं, नावातला 'एसके टेलिकॉम' गेला, जर्सी बदलली. मिडला माणूस तोच राहिला. नव्या प्रेक्षकाला २०१३ आणि २०२५ यांतला धागा दाखवायला एक नाव पुरतं.

जेन-जीचा इतिहास सांगताना जरा थांबावं लागतं. त्यांच्या वारशात दोन वर्ल्ड्स आहेत, २०१४ आणि २०१७, पण दोन्ही सॅमसंगच्या नावावर जिंकलेली. २०१४ला सोलच्या वर्ल्ड कप स्टेडियममध्ये सॅमसंग व्हाइट जिंकली आणि त्यानंतर सॅमसंगच्या दोन्ही संघांतले दहाही खेळाडू चीनमध्ये गेले. घर रिकामं झालं. तिथून नवी मुलं घेऊन, अँबिशनसारख्या अनुभवी जंगलरला (वाटांमधल्या जंगलात खेळणाऱ्याला) घेऊन त्यांनी पुन्हा संघ बांधला. २०१६च्या अंतिम सामन्यात एसके टेलिकॉमकडून २-३ अशी हार पत्करली आणि पुढच्याच वर्षी बीजिंगच्या बर्ड्स नेस्टमध्ये त्याच एसके टेलिकॉमला ३-० उडवलं. मंचावर डोकं खाली घालून रडणारा फेकर अनेकांना आठवतो. मला त्याच संध्याकाळचा, जिंकलेल्या संघातला रूलर आठवतो. त्या अंतिम सामन्याचा मानकरी तोच होता, आणि माझ्या पुढच्या सगळ्या सांगण्याच्या मध्यभागीही तोच आहे. जिंकल्यावर काही आठवड्यांतच हा सगळा संघ केएसव्ही नावाच्या नव्या संस्थेने विकत घेतला आणि २०१८मध्ये तिने आपलं नाव जेन-जी केलं.

मग ही जेतेपदं जेन-जीची म्हणायची का? माझ्या मते २०१७चं म्हणायला हरकत नाही, कारण माणसं तीच आली. २०१४चं म्हणताना जीभ अडते, कारण त्यातला खेळाडू म्हणून कुणीच उरला नव्हता. तुम्ही जेन-जीचे झालात तर हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आता लीगकडे वळू. इथे जेन-जीचं पारडं जड आहे आणि ते मान्य करताना मला कसलाही संकोच नाही. २०२२चा उन्हाळा, २०२३चा वसंत, २०२३चा उन्हाळा, २०२४चा वसंत अशी सलग चार एलसीके जेतेपदं त्यांनी घेतली आणि चारही वेळा अंतिम सामन्यात समोर टी-वनच होती. आधी ३-०, मग ३-१, पुन्हा ३-०, शेवटी ३-२. टी-वनचं एलसीकेचं दहावं जेतेपद २०२२च्या वसंतातलं. त्या हंगामात साखळीत १८ पैकी १८ जिंकून त्यांनी अंतिम सामन्यात जेन-जीलाच हरवलं होतं. त्यानंतर तिथली ट्रॉफी त्यांच्या हाती आली नाही. जेन-जीने मात्र २०२४ आणि २०२५ असे दोन एमएसआय (वर्षाच्या मध्यावरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा) जिंकले. २०२५मध्ये तर लीगच्या साखळीत ३० पैकी २९ सामने जिंकून पुढे अंतिम सामनाही घेतला. आठवड्याला दोन सामने बघणाऱ्याला हा संघ फार सुख देतो. त्यांचा चोवी मिडला मिनियन, म्हणजे मारल्यावर सोनं देणारे छोटे सैनिक, मारताना बघणं हाच एक आनंद आहे. वीस मिनिटांत काहीच घडलं नाही असं वाटतं आणि स्कोअरबोर्डवर त्याचं सोनं समोरच्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेलं असतं. कुठून गेलं ते पुन्हा मागे जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. खेळ शिकायचा असेल तर जेन-जीचे सामने बघा, असं मी आजही सांगतो.

हे एवढं असूनही मी तिथे टिकलो नाही. कारण नोव्हेंबर.

२०२२च्या उन्हाळ्यात मी जेन-जीच्या बाजूने होतो. डोरान, पीनट, चोवी, रूलर, लेहेंड्स. त्यातल्या बॉट लेनवर, म्हणजे खालच्या वाटेवरच्या रूलर-लेहेंड्स जोडीवर, माझा विशेष जीव जडला होता. लेहेंड्स पुढे काय करणार याचा अंदाज रूलरला आधीच असायचा, आणि बघून बघून थोडा मलाही यायला लागला होता. वर्ल्ड्सच्या उपांत्य फेरीत कोरियाच्याच डीआरएक्सने त्यांना ३-१ हरवलं. हार झाली, दुःख झालं, ठीक. पण नोव्हेंबरात करार संपले आणि रूलर चीनला गेला, लेहेंड्सही गेला. नवी जोडी आली, सतरा वर्षांचा पेझ आणि डिलाइट. मी पुन्हा पहिल्यापासून नावं, सवयी, लाडके चॅम्पियन (खेळातली पात्रं) शिकलो. दोन जेतेपदं आली. २०२३च्या वर्ल्ड्समध्ये बुसानला चीनच्या बीएलजीने उपांत्यपूर्व फेरीत ३-२ने घरी पाठवलं आणि पुन्हा नोव्हेंबर आला. डोरान, पीनट, डिलाइट तिघेही गेले. किइन आणि कॅन्यन आले, लेहेंड्स परत आला. पुढच्या वर्षी पेझ आणि लेहेंड्स गेले, रूलर परत आला आणि सपोर्टला, म्हणजे त्याच्या जोडीला, ड्युरो.

यात कुणा एकाचा दोष आहे असं मला वाटत नाही. करार आखूड असतात, मानधनाचे आकडे मोठे असतात, खेळाडूंनाही आपलं बघायचं असतं, आणि नवे आलेले लोक जिंकतही होते. संघ बांधणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे उत्तम काम आहे. पण बाजू घेणाऱ्याचं काय? ज्याच्यासाठी वर्षभर जीव टाकला तोच पुढच्या वर्षी समोरच्या जर्सीत दिसतो. याचा सगळ्यात कडू घोट २०२४च्या उन्हाळी अंतिम सामन्यात आला. सलग पाचवं जेतेपद समोर होतं आणि जेन-जीला ३-२ हरवलं हनवा लाइफने, ज्यांच्या पाचांत डोरान, पीनट आणि डिलाइट होते. त्या दिवशी शेवटच्या गेममध्ये मी कुणासाठी ओरडत होतो हे मला नीट सांगता येत नाही. बाजू घेणाऱ्या माणसासाठी ही अवस्था फार वाईट.

त्याच काळात टी-वन काय करत होती? झ्यूस, ओनर, फेकर, गुमायुसी, केरिया. २०२२च्या वर्ल्ड्सचा अंतिम सामना हे पाच जण सॅन फ्रान्सिस्कोला डीआरएक्सकडून ३-२ने हरले. केरियाला मंचावर रडू आवरत नव्हतं. अशा हारीनंतर संघ फुटतात, तशी रीतच आहे. हे फुटले नाहीत. २०२३मध्ये लीगचे दोन्ही अंतिम सामने गमावले, उन्हाळ्यात फेकरचा हात दुखावला आणि त्याच्याशिवाय खेळलेल्या आठ सामन्यांत एकच जिंकला. तरी तेच पाच. मग शरदात कोरियाचे बाकीचे संघ बाद झाले आणि उपांत्य फेरीत चार जणांत एकटी टी-वन उरली, समोर तिन्ही चिनी संघ. जेडीजीला ३-१ हरवलं, तिसऱ्या गेममध्ये फेकरने अझीर हे पात्र घेऊन रूलरला मागून ढकलून आपल्या लोकांच्या पुढ्यात आणलं. हो, तोच रूलर, जेडीजीच्या जर्सीत. अंतिम सामन्यात वायबोला ३-०. पुढच्या वर्षी तेच पाच जण लंडनला बीएलजीविरुद्ध १-२ने मागे पडून ३-२ने जिंकले.

जेन-जीत जिंकूनही पाच जण दोन वर्षं एकत्र राहिले नाहीत आणि टी-वनमध्ये हरूनही तीन वर्षं राहिले. माझा निर्णय यावर झाला. आकडेवारीने नाही झाला, आणि आकडेवारी मांडून कुणी मला चूक ठरवलं तर मी वाद घालणार नाही. पण एका खेळाडूला पडताना बघितल्यावर त्यालाच, त्याच जर्सीत, त्याच चार जणांबरोबर उठताना बघणं यात काय आहे ते मी २०२३च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा अनुभवलं. तोवर नोव्हेंबर माझ्यासाठी निरोपाचा महिना होता.

टी-वनकडे येणाऱ्याने एक मात्र समजून यावं: इथे उन्हाळा जड जातो. २०२४मध्ये वर्ल्ड्सचं तिकीट मिळवायला पात्रता फेरीत कोरियाच्याच केटीविरुद्ध पाचव्या गेमपर्यंत जावं लागलं, कोरियाचा चौथा आणि शेवटचा संघ म्हणून ते गेले. २०२५लाही चौथाच क्रमांक, आणि मुख्य फेरीआधी चीनच्या आयजीविरुद्ध एक जास्तीची मालिका खेळावी लागली. जुलै-ऑगस्टमध्ये यांचे ड्राफ्ट (गेमआधी केलेली पात्रांची निवड) बघून डोकं धरावंसं वाटतं. ज्यांना दर आठवड्याला निश्चिंत बसायचं आहे त्यांना हे सोसणार नाही. त्यांनी खुशाल जेन-जी घ्यावी, मी मनापासून सांगतो. पण ऑक्टोबर उजाडला की टी-वन वेगळीच असते. वर्ल्ड्सच्या बेस्ट ऑफ फाइव्ह मालिकेत (पाचपैकी तीन गेम जिंकणारा विजेता) चीनच्या लीगमधल्या संघाकडून ती आजवर एकदाही हरलेली नाही. २०२४ला पॅरिसच्या उपांत्य फेरीत समोर जेन-जी आली, जिने वर्षभर त्यांना हरवलं होतं. टी-वनने ती मालिका ३-१ घेतली. दोघांतलं अंतर एका मालिकेत बघायचं असेल तर तीच बघा.

आणखी एक गोष्ट, जी काहींना खटकते: टी-वनचा सामना म्हणजे निम्मं बोलणं फेकरबद्दल. ओनरने जंगलातून सामना फिरवला तरी कॅमेरा मिडकडे जातो. मला त्याचा त्रास होत नाही, पण ज्याला होतो त्याचं म्हणणं मला समजतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर माझं कारण आता तितकं भक्कम राहिलेलं नाही. २०२४च्या वर्ल्ड्सनंतर झ्यूस हनवाला गेला आणि त्याच्या जागी डोरान आला. २०२५मध्ये चेंगडूला केटीला ३-२ हरवून सलग तिसरं जेतेपद मिळवलं, अंतिम सामन्याचा मानकरी गुमायुसी ठरला आणि त्याच नोव्हेंबरात तोही हनवाला गेला. उलट जेन-जीने, वर्ल्ड्सच्या उपांत्य फेरीत केटीकडून १-३ने हरूनही, आपले पाचही जण २०२६साठी ठेवले. ज्या गोष्टीसाठी मी इकडे आलो ती या वेळी तिकडे घडली. आज नव्याने निवडत असाल तर हे नक्की विचारात घ्या.

मी मात्र हललो नाही. फेकर, ओनर, केरिया आहेत, आणि त्यांच्याबरोबर हरलेल्या संध्याकाळी माझ्याकडे बऱ्याच साठल्या आहेत. डोरानला तर मी २०२२पासून ओळखतो, जेन-जीतला डोरान, मग हनवातला, आता इथला. आणि गुमायुसीच्या जागी ज्याला आणलं ते नाव वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो: पेझ. जेन-जीत सतराव्या वर्षी आलेला, ज्याच्या सवयी मी पहिल्यापासून शिकलो होतो, तोच. त्याचे पहिले सामने बघताना मला नवीन काही पाठ करावं लागलं नाही.