सावलीतल्या वाफ्यासाठी होस्टा: सिबोल्डियाना की प्लँटाजिनिया?

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला घरामागच्या मेपलखालच्या वाफ्यासाठी होस्टा या सावलीत वाढणाऱ्या, शोभेच्या पानांच्या झाडाच्या या दोन जातींपैकी एकच निवडायची आहे. दोन्ही जाती हिवाळ्यात जमिनीवर पूर्ण वाळतात आणि वसंतात गड्ड्यातून पुन्हा फुटतात.

ऊन हा निर्णायक निकष आहे. जपानी सिबोल्डियानाच्या पानांचा निळसर रंग हा त्यांच्यावरील मेणाच्या थराचा असतो. दुपारच्या उन्हात तो थर विरतो आणि पान हिरवे दिसू लागते. मूळ चीनची प्लँटाजिनिया मात्र पुरेसे पाणी मिळाल्यास सकाळचे ऊन आनंदाने घेते. गोगलगायींच्या बाबतीत चित्र उलटते, कारण सिबोल्डियानाचे जाड, सुरकुतलेले पान त्यांना सहजी कुरतडता येत नाही. हरणे दोन्ही खातात; तिथे कुंपणच हवे.

सिबोल्डियाना पूर्ण वाढून भरायला चार-पाच वर्षे लागतात, शिवाय गड्डा विभागलेला तिला मानवत नाही. फुलांत तुलनाच नको: प्लँटाजिनियाची लांब, पांढरी, सुगंधी फुले ऑगस्टच्या सुमारास संध्याकाळी उमलतात, आणि एवढ्यासाठीही मी ती लावीन.

दाट सावली, गोगलगायी आणि धीर असेल तर सिबोल्डियाना घ्यावी. थोडे ऊन असेल आणि संध्याकाळी अंगणात बसणे होत असेल, तर प्लँटाजिनिया.