30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर: कॅम्पर ट्रेलरवर उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

गाडीच्या वीजनिर्मितीवर ट्रेलरची बॅटरी भरणारा हा चार्जर. उन्हाळ्यात त्याला नाव ठेवायला जागा नव्हती, कारण फ्रिज-पंख्याचा भार छतावरची सोलर पॅनेलच उचलत होती. जून लागला की बेळगावकडच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात पॅनेलचा भरवसा संपतो. 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी गाडीच्या अल्टरनेटरवरच, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्रावरच भरावी लागते. दीड तास इंजिन चाललं की 45 अँपिअर-अवर जमा व्हायला पाहिजेत. चोर्ला रस्त्यावर त्याच्या निम्मेही होईनात. चार्जर दर काही सेकंदांनी चालू-बंद.

सर्व्हिस सेंटरनं बॅटरीवर ढकललं. बॅटरीचा काही संबंध नाही. 30 अँपिअर बाहेर द्यायला चार्जर आत सुमारे 40 ओढतो. बॉनेटपासून ट्रेलरपर्यंत सहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा. 10 स्क्वेअर एमएम तारेत एवढ्यावर जवळजवळ 0.9 व्होल्ट पडतो, 6 च्या तारेत दीड. पावसात हेडलाइट, वायपर, एसी चालू असताना अल्टरनेटर 13.5 च्या आसपास उतरला की चार्जरला 12.6 मिळतात आणि व्होल्टेज कमी पडलं म्हणून तो बंद पडतो. करंट थांबला की व्होल्टेज वर येतं, तो परत सुरू होतो. माहितीपत्रकात '10 स्क्वेअर एमएम चालेल' एवढंच छापलंय, लांबीचा शब्द नाही. राग आहे तो याचा. चार्जरबद्दलचं मत मात्र तार बदलल्यावर पुन्हा चांगलं झालं.

16 स्क्वेअर एमएम घाला, शुद्ध तांब्याचीच. टोक खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते तांबं चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम, स्वस्त पडलं तरी घेऊ नका. निगेटिव्हची तार वेगळी ओढा, ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्यावर (टो-बॉल) विसंबू नका, तिथं गंज धरतो. सात पिनी सॉकेट फक्त दिव्यांना; चार्जिंगला 50 अँपिअरचा अँडरसन कनेक्टर. तारेच्या टोकाचं लग (धातूचं टर्मिनल) पकडीनं दाबून भागत नाही, बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक यंत्रानं दाबून (क्रिंप) घ्या. 60 अँपिअरचा फ्यूज दोन्ही टोकांना, कारण बॅटरी दोन्हीकडं आहे.

मग पूर्ण लोडवर मीटर लावा: गाडीच्या बॅटरीवर एकदा, चार्जरच्या इनपुटवर एकदा. फरक 0.6 व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर एकेक जोड तपासा. ज्या जोडावर 0.05 च्या वर दिसेल तो उकला.

चार्जर तापतो, 50 वॉट तरी उष्णता सोडतो. बंद पेटीत बसवलात तर करंट आपोआप कमी करतो, म्हणून उभा बसवा, खाली-वर तळहाताएवढी जागा सोडा.