बेपत्ता जावई आणि बीडमधील एक वकील कार्यालय

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा कामाला म्हणून परळीहून पुण्याला गेला तो परतलाच नाही, आणि चार वर्षे वाट पाहून आम्ही बहिणीच्या घटस्फोटासाठी बीडमधील एका वकिलांकडे गेलो. सात वर्षे थांबावेच लागते, ही नातेवाइकांची समजूत त्यांनी पहिल्याच भेटीत खोडून काढली. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ मध्ये सात वर्षे खबर नसणे हे घटस्फोटाचे एक कारण आहे. परंतु किमान दोन वर्षांचा परित्याग, म्हणजे जोडीदाराला सोडून जाणे, हे स्वतंत्र कारण असून, पत्नीला स्वतः राहत असलेल्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करता येतो, हे त्यांनी पुस्तक उघडून दाखविले.

खरे कसब समन्स बजावणीत दिसले. ‘मिळून आला नाही’ असा शेरा मारून बेलिफ (समन्स पोचविणारा न्यायालयाचा कर्मचारी) परळीहून परतला, तेव्हा पोलिसांतील हरवल्याची नोंद आणि परत आलेली रजिस्टर पाकिटे शपथपत्रासोबत जोडून त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम २० खाली पर्यायी बजावणीचा, म्हणजे समन्स हातात देता येत नसल्यास दुसऱ्या मार्गाने पोचविण्याचा, आदेश मिळविला, आणि समन्स त्या भागात खपणाऱ्या दैनिकात छापून आले. ते कात्रण आईने पोथीत जपून ठेवले आहे. का, ते मी विचारलेले नाही.

तक्रार एकच : जाहिरातीचा खर्च फीमध्ये धरलेला नाही, हे कारकुनाने ऐनवेळी सांगितले. नवरा हजरच न झाल्याने एकतर्फी हुकूमनामा (न्यायालयाचा निकाल) झाल्यावर मात्र, अपिलाची ९० दिवसांची मुदत संपेपर्यंत बहिणीचे दुसरे लग्न लावू नका, असे वकिलांनी स्वतः फोन करून बजावले.