क्लॅम्प मीटर : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या मार्गशीर्षात सांगलीच्या गणपती पेठेतून मी एक साधा डिजिटल क्लॅम्प मीटर, म्हणजे तार न तोडता तिच्याभोवती जबडा लावून प्रवाह मोजणारा मीटर, घेतला. आता श्रावण लागला आहे आणि या आठ महिन्यांत तो पलूस तालुक्यातील आमच्या घरी, गोठ्यात आणि विहिरीवर जवळजवळ दर आठवड्याला वापरला गेला. हा मीटर प्रत्यक्षात दोनच आकडे भरवशाने देतो, व्होल्ट आणि अँपिअर. रोध (प्रवाहाला होणारा अडथळा, ओहममध्ये) आणि शक्ती (वॅटमध्ये) हे पुढचे दोन आकडे आपल्याला कागदावर काढावे लागतात आणि माझ्या अनुभवात खरा उपयोग त्या कागदावरच्या आकड्यांचा झाला.

मीटर घेण्याचे कारण कडबा कुट्टीचे यंत्र होते. दोन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर सुरू करताना नुसती घुमायची आणि पाते हाताने ढकलल्याशिवाय फिरायची नाही. गावात व्होल्टेज कमी आहे, असे सगळ्यांचेच मत होते. घराच्या बोर्डापासून गोठ्यापर्यंत साठ मीटर अंतर आहे आणि तेथवर २.५ चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनिअमची दोन तारी वायर गेलेली होती. जुना मल्टिमीटर आणि हा नवा मीटर एकाच सॉकेटला लावून दोघांचे व्होल्ट जुळतात याची आधी खात्री केली. मग यंत्र चालू असताना पत्नीने घरच्या बोर्डावर आणि मी गोठ्यात, फोनवर बोलत एकाच वेळी वाचन घेतले. घरी २२४ व्होल्ट, गोठ्यात २०३ व्होल्ट आणि प्रवाह १०.५ अँपिअर. म्हणजे घरात पोहोचणारे व्होल्टेज ठीक होते आणि २१ व्होल्ट मधल्या वायरीतच संपत होते.

२१ भागिले १०.५ म्हणजे २ ओहम. या जाडीच्या अ‍ॅल्युमिनिअमच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२.१ ओहम असतो, त्यामुळे जाऊन-येऊन १२० मीटर तारेचा हिशेब साधारण १.४५ ओहम होतो. उरलेले ०.५५ ओहम कुठून आले, हा प्रश्न मला रात्रभर सतावत होता, कारण प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध केल्यावर त्या एवढ्याशा रोधात साठ वॅट उष्णता होत असल्याचे दिसत होते, आणि ती तारभर पसरलेली नसून बहुधा एखाद्या जोडावर एकवटलेली असणार होती. सकाळी मेन स्विच बंद करून संपूर्ण वायर हाताखालून घातली, तेव्हा वाळलेला कडबा रचतो त्या माळ्याच्या अगदी वर, वायर कमी पडली म्हणून कधी काळी पीळ देऊन केलेला जोड सापडला. त्यावरची टेप करपून कडक झाली होती आणि आतल्या तारांवर पांढरट थर जमला होता. हे लिहितानाही त्या माळ्याखाली बांधलेली जनावरे डोळ्यांसमोर येतात.

मोटर घुमण्याचे कारणही याच दोन ओहमांत होते. सुरू होताना मोटर चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह मागते, त्या क्षणी वायरीतच पाऊणशे-शंभर व्होल्ट खर्च होतात आणि मोटरची ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. आता ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची अखंड वायर घातली आहे. दहा अँपिअरला फरक साडेपाच व्होल्टांच्या आसपास येतो आणि यंत्र पहिल्याच झटक्यात फिरते.

मीटरच्या ओहमच्या खुणेवर मात्र अशा कामासाठी विसंबू नये. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले तरी माझा मीटर ०.३ ओहम दाखवतो, मग अर्ध्या ओहमाचा दोष तो कसा सांगणार? शिवाय तो अगदी थोड्या प्रवाहावर रोध मोजतो, काम चालू असतानाची स्थिती त्याला कळत नाही. शंभर वॅटच्या जुन्या तारेच्या दिव्याचा थंड रोध चाळीस ओहमांच्या आत-बाहेर दिसतो, पण २३० व्होल्टवर पेटलेला असताना हिशेबाने तो ५२९ ओहम येतो. गीझरच्या कॉइलचे तसे होत नाही. आमच्या गीझरवर २१२ व्होल्टला ८ अँपिअर मिळाले, म्हणजे २६.५ ओहम. त्यावर लिहिलेले २००० वॅट २३० व्होल्टसाठी आहेत, प्रत्यक्षात १६९६ वॅटच मिळतात आणि पाणी तापायला तेवढा जास्त वेळ लागतो.

मोटरच्या बाबतीत व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट नव्हेत, हे लक्षात ठेवावे लागते, कारण शक्ती गुणक, म्हणजे या गुणाकाराचा किती भाग खरे वॅट असतो तो आकडा, हा मीटर सांगत नाही. त्यावर मी एक मार्ग काढला. घरातील बाकी सर्व बंद ठेवून विजेच्या मीटरवरच्या लाल दिव्याचे लुकलुकणे मोजले. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० इम्पल्स, म्हणजे तितकी लुकलुकणी, छापली आहेत आणि जुन्या वायरीवर मिनिटाला १०८ भरले, म्हणजे २०२५ वॅट. २२४ गुणिले १०.५ म्हणजे २३५२, तेव्हा गुणक ०.८६ आला.

वापरातल्या अडचणीही आहेत. जबड्यात एकच तार धरावी लागते, दोन्ही एकत्र धरल्या की शून्य येते, त्यामुळे गोल केबलवर मोजता येत नाही. अर्ध्या अँपिअरखालचे वाचन डळमळते. त्यासाठी सुट्या तारेचे दहा वेढे जबड्यात घालून आकड्याला दहाने भागतो. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या उपकरणांचे आकडे या मीटरवर विश्वसनीय येत नाहीत, तिथे ट्रू आरएमएस मीटर, म्हणजे प्रवाहाची लहर वेडीवाकडी असली तरी बरोबर मोजणारा, हवा, आणि पुन्हा घेताना मी जास्त पैसे देऊन तोच घेईन. विहिरीवर भर उन्हात पडदा नीट वाचता येत नाही.

नव्या वायरीचा व्होल्टमधला फरक दर महिन्याला गोठ्यातील वहीत लिहितो. आतापर्यंत तो सहाच्या वर गेलेला नाही. आठ दिसला, तर त्या दिवशी वैरण कोयत्याने तोडायची आणि आधी टर्मिनल उघडून पाहायचे, असे घरात ठरले आहे.