डिझेलने भिजलेली माती ढिगात साफ केली: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

जमिनीत पुरलेली डिझेलची टाकी बाहेर काढली तेव्हा तिच्या बुडाला पेन्सिलीचं टोक जाईल एवढंच भोक होतं. लोखंड बाहेरच्या बाजूने गंजत गेलं होतं आणि वर जमिनीवर काही कळायला मार्ग नव्हता. खालची माती मात्र काळपट पडली होती. हातमोजे घालून ढेकूळ फोडलं की आतून तेलकट चमक दिसायची.

माती उचलून परवानगी असलेल्या जागी पाठवणं हा सगळ्यात झटपट उपाय. पण त्याने माती साफ होत नाही, नुसती हलते, आणि ते मनाला पटेना. जमिनीतली बाष्पं पंपाने ओढून घेण्याची पद्धत पेट्रोलला चांगली. डिझेल तेवढं सहज उडत नाही. म्हणून आम्ही बायोपाइल निवडलं. खाली जाड प्लास्टिक, त्यावर भोकं पाडलेले पाइप, वर दीड मीटर उंचीचा मातीचा ढीग, पाइपांना जोडलेला ब्लोअर आणि सगळ्यावर ताडपत्री. तेल खाणारे जिवाणू मातीत मुळातच असतात. त्यांना हवा, ओल आणि खत पुरवायचं, एवढंच आपलं काम.

ते ‘एवढंच’ नऊ महिने पुरलं. एक किलो तेल संपवायला जिवाणूंना साधारण तीन ते साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. हा आकडा समजल्यावर माझं सगळं लक्ष हवेकडे वळलं. सुरुवातीला ब्लोअर जोरात चालवला, ती चूक होती. माती सुकायला लागली आणि तेलाचा हलका भाग जिवाणूंनी खाण्याआधीच वाफ होऊन बाहेर पडायला लागला. ताडपत्रीच्या कडेला उभं राहिलं की डोकं दुखायचं. वेग कमी केल्यावर वास आटोक्यात आला.

ओलाव्याचं म्हणाल तर शेतकऱ्याचा वापसा डोळ्यांसमोर ठेवा. मूठ आवळली की गोळा व्हावा, बोटाने टोचला की फुटावा, तळहाताला पाणी लागू नये. दुसऱ्या महिन्यात ताडपत्रीची एक कड उडाली, पावसाचं पाणी आत शिरलं आणि त्या कोपऱ्यात माती चिखलासारखी बसली. तिथे हवा पोहोचेना आणि कुजकट वास यायला लागला. तो कोपरा फावड्याने उकरून, भुसभुशीत करून पुन्हा रचावा लागला. चिकणमाती असेल तर हा त्रास जास्त होतो. तिच्यात आधीच लाकडाचा भुसा मिसळून ती मोकळी करा.

खत घालताना कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं १००:१०:१ हे नेहमीचं प्रमाण धरलं, आणि तेही हप्त्याहप्त्याने. एकदम जास्त खत पडलं तर क्षार वाढून जिवाणूच मरतात. कंत्राटदाराने आग्रह करून जिवाणूंची पावडर विकली होती. मी ती अर्ध्याच ढिगात टाकली. तीन महिन्यांनी दोन्ही अर्ध्यांच्या तपासणीत सांगण्यासारखा फरक नव्हता. ते पैसे वाया गेले, आणि त्याचा राग अजून आहे.

आता आकडे. सुरुवातीला किलोभर मातीत ६,२०० मिलिग्रॅम तेल होतं. तीन महिन्यांनी २,९००, सहा महिन्यांनी १,१००, नऊ महिन्यांनी ८५०. पहिला टप्पा भराभर उतरतो, कारण साध्या साखळीचे रेणू जिवाणू आधी संपवतात. जड आणि वलयाकार रेणू मागे राहतात आणि मग गाडी अडते. थंडीही आडवी आली. तापमान दहा अंशांनी उतरलं की जिवाणूंचं काम साधारण निम्म्यावर येतं. पाचव्या महिन्यात धीर सुटत होता, तेव्हा हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

नाकावर मुळीच भरवसा ठेवू नका. तिसऱ्या महिन्यात वास जवळजवळ गेला होता, आणि तरीही निम्म्याच्या आसपास तेल मातीत होतं. नमुना ढिगाच्या पोटातून, वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्या. काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, घट्ट झाकण लावा आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बर्फात ठेवा. अर्धवट भरलेल्या बरणीत बाष्प रिकाम्या जागेत निघून जातं आणि आकडा खोटाच कमी येतो.

ढिगाच्या नादात टाकी आणि माती काढलेला खड्डा विसरू नका. आमच्याकडे तळ स्वच्छ निघाला, पण एका बाजूच्या भिंतीत वाळूचा पातळ थर होता आणि डिझेल त्या थराने आडवं पुढे गेलं होतं. करंगळीएवढी काळी रेघ, हात लावला की बोटाला तेल. त्या बाजूने आणखी खणावं लागलं. डिझेल पाण्याहून हलकं असल्यामुळे भूजलापर्यंत पोहोचलं तर पाण्यावर तरंगत पसरतं, म्हणून शेजारी निरीक्षणासाठी बोअर घेतलं. त्यातल्या पाण्यावर अजून तवंग दिसलेला नाही. आणि हात जोडून सांगतो, रिकाम्या टाकीत किंवा खोल खड्ड्यात एकट्याने कधीही उतरू नका. तिथली बाष्पं माणसाला बेशुद्ध पाडतात.

जागा आणि वेळ असेल, तेल डिझेलसारखं असेल, तर मी हीच पद्धत पुन्हा निवडेन. जड इंधन तेल असेल तर नाही. गेल्या आठवड्यात नमुना घेताना ढिगाच्या कडेला गांडूळ सापडलं, नऊ महिन्यांतलं पहिलं. त्या वाळूच्या थराकडचा शेवटचा अहवाल यायचा आहे. तोवर खड्डा उघडाच ठेवलाय, भोवती कुंपण घालून.