मागच्या रांगेतलं पॅनिक बटण मेलेलं होतं आणि ॲप म्हणत होतं सगळं ठीक: ट्रॅव्हलरमधल्या ट्रॅकिंग मशीनचा वापरानंतरचा अनुभव

माझ्या ट्रॅव्हलरच्या शेवटच्या रांगेतलं लाल बटण अख्खा पावसाळा बंद होतं. ॲपवर मशीन हिरवं, सिम चालू, उपग्रह सापडलेले, इमर्जन्सी नॉर्मल. कुठंही शंका यावी असं काही नाही. एआयएस-१४० मशीन (प्रवासी गाड्यांसाठीच्या सरकारी मानकाचं, लोकेशन कळवणारं आणि इमर्जन्सी बटणं असलेलं यंत्र) वापरणाऱ्या प्रत्येक गाडीमालकानं हे वाचावं आणि आजच्या आज आपल्या गाडीतलं एकेक बटण तपासावं, एवढ्यासाठी लिहितोय.

गाडी पिवळ्या पाटीची, सतरा सीटर. आठवडाभर कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामगारांची ने-आण, शनिवार-रविवार लग्नं आणि देवदर्शन, अमावास्येला आदमापूर ठरलेलं. मशीन बसवलं ते पासिंगसाठी. सिमच्या दोन वर्षांच्या रिचार्जसकट बारा हजारांच्या आसपास गेले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात साधं जीपीएस दोन-अडीच हजारांत बसवून मिळतं आणि गाडी कुठं आहे हे तेही दाखवतं. त्यामुळं हे पैसे देताना जिवावर आलं होतं. सुरुवातीचे काही महिने माझं मत एकच होतं की फुकटचा भुर्दंड आहे.

ते मत बदललं करूळ घाटानं. गाडी वैभववाडीला निघाली होती, मी घरी ॲप उघडून बसलो होतो. गगनबावडा सोडलं आणि नकाशावरची गाडी जागच्या जागी थांबली. मामांचा (आमचे ड्रायव्हर) फोन लागेना. पाऊस, धुकं, रात्रीची वेळ, पोटात गोळाच आला. बऱ्याच वेळानं गाडी एकदम वैभववाडीजवळ दिसली आणि बघता बघता मागचा अख्खा घाट वळणावळणानं नकाशावर उमटला. कुठं वेग किती, कुठं गाडी दोन मिनिटं बाजूला घेतली, सगळं होतं त्यात. मामांना विचारलं तर म्हणाले, "समोरनं ट्रक आला, त्याला वाट दिली." तंतोतंत तीच जागा.

बरेच जण समजतात की उपग्रह वरून गाडी बघतो. तसं नसतं. उपग्रह फक्त वेळेचे संदेश पाठवत असतात, गाडीतला डबा (म्हणजे हे मशीन) ते ऐकून आपली जागा स्वतः काढतो आणि मग ती मोबाईलच्या टॉवरवरून सर्व्हरला कळवतो. घाटात आकाश दिसत होतं, टॉवर नव्हता. म्हणजे गाडीला आपण कुठं आहोत हे माहीत होतं, सांगायला वाट नव्हती. अशा वेळी डबा नोंदी साठवून ठेवतो. मानकाप्रमाणं किमान ४०,००० नोंदींची जागा त्यात असावीच लागते आणि गाडीची बॅटरी कुणी काढली तर आतल्या बॅटरीवर चार तास तग धरावा लागतो. सिमही आतच पक्कं बसवलेलं आणि त्यात दोन कंपन्यांची सोय. एकीची रेंज गेली की डबा दुसरीवर जातो. राधानगरी, चंदगड या भागात याचा फायदा स्पष्ट दिसतो. साधं जीपीएस जिथं तासभर गायब व्हायचं, तिथं हे पाच-दहा मिनिटांत परत येतं.

यात आपल्या इस्रोचं नाविकही (जीपीएससारखी भारताची स्वतःची उपग्रह व्यवस्था) चालतं, याचा मला मनापासून अभिमान आहे. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटरवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. नाविकचे सुमारे ३६,००० किलोमीटरवर, आपल्याच भागाच्या वर राहतील अशा कक्षांत ठेवलेले. मूळ रचना सात उपग्रहांची, पहिला गेला १ जुलै २०१३ ला. पहिल्या पिढीतल्या काही उपग्रहांतली बाहेरून आणलेली अणुघड्याळं बिघडली, म्हणून २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ या नाविकच्या नव्या उपग्रहात भारतात बनवलेलं रुबिडियम अणुघड्याळ बसवलं. डबा जीपीएस आणि नाविक दोन्ही ऐकतो. आंबा घाटात डोंगर अंगावर येतो तिथंही रेघ रस्ता सोडत नाही, एवढं मी नकाशा मोठा करून बघितलंय. जागेच्या बाबतीत या मशीनला पैकीच्या पैकी.

बाकी बारीकसारीक: घाटातल्या प्रत्येक वळणाला "हार्श टर्निंग"चा (गाडी जोरात वळवल्याचा) अलर्ट येतो, तो मी बंद करून घेतला. गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी थोडी उतरते. ॲपचं मराठी भाषांतर वाईट आहे. यातल्या कशानंही फारसं अडत नाही.

आता बटण.

पहिल्या जोराच्या पावसात मशीन अचानक इमर्जन्सीत गेलं. गाडी दारात उभी, आत कुणी नाही आणि अलर्टवर अलर्ट. मशीनच्या कंपनीकडून फोन, "तुमच्या गाडीत बटण दाबलंय." मी गाडीत जाऊन बघून आलो, कुणीही दाबलेलं नाही. हे असं का होतं ते मला तेव्हा कळलं. ही बटणं उलट्या पद्धतीनं जोडलेली असतात. दारावरची बेल दाबल्यावर सर्किट जुळतं. इथं सर्किट कायम जुळलेलं असतं आणि दाबल्यावर तुटतं. मानकातच तशी अट आहे. त्यामागचा विचार उत्तम आहे, कारण कुणी वायर कापली तरी सर्किट तुटतं आणि अलर्ट जातो. माझ्या गाडीत मागच्या दाराच्या रबरातून पाणी झिरपून शेवटच्या बटणाच्या कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लगमध्ये) गेलं होतं. तांब्याला हिरवा गंज चढला, जोड सुटला, मशीनला वाटलं बटण दाबलं.

कंपनीचा माणूस आला. तासाभरात काम करून गेला. जाताना म्हणाला, "झालं दादा, आता अजिबात तक्रार येणार नाही." तक्रार आली नाही हे खरं.

पावसाळा संपल्यावर शिवाजी पेठेतलं एक महिला मंडळ तुळजापूर-अक्कलकोटला गाडी ठरवायला आलं. त्यातल्या एका काकूंनी गाडी आतून निरखून बघितली आणि त्या लाल बटणावर बोट ठेवून विचारलं, "हे दाबलं तर कुणाला कळतंय ओ?"

"सरकारच्या सेंटरला आणि मला."

"मग दाबून दाखवा की."

रास्त मागणी होती. कंपनीच्या हेल्पलाइनला आधी कळवलं की तपासणीसाठी बटण दाबतोय, खोटा अलर्ट समजून कुणाची धावपळ नको. काकूंनी दाबलं. आम्ही ॲपकडं बघत उभे. काहीच नाही. परत दाबलं, धरून ठेवलं, काहीच नाही. पुढच्या रांगेतलं दाबलं तर काही सेकंदांत स्क्रीन लाल. मधल्यांचंही तसंच. फक्त शेवटची रांग मुकी.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात आमच्या नेहमीच्या वायरमनकडं साइडचं पॅनल खोललं. बटणाला जाणाऱ्या दोन्ही वायरी कपलरच्या आधीच कापून, एकमेकींना पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळलेली. बटण नुसतं पत्र्याला स्क्रूनं बसवलेलं, त्याच्या मागं काहीच नाही. वायरमन म्हणाला, "डायरेक्ट केलंय." पाण्यानं खराब झालेला कपलर बदलायचा तर लूम (वायरींचा जुडगा) सोडवावी लागते, अर्धा दिवस जातो. वायरी जोडून दिल्या की सर्किट कायमचं जुळलेलं राहतं, अलर्ट येणं थांबतं आणि गिऱ्हाईकाचा फोनही येत नाही.

माझा संताप इथं आहे. डायरेक्ट केलेलं बटण आणि चालू बटण या दोन्हींत सर्व्हरला काडीचाही फरक दिसत नाही. दोन्हीकडं सर्किट जुळलेलं, दोन्हीकडं "नॉर्मल". वायर कापली तर अलर्ट जातो, इतका विचार ज्यांनी केला त्यांची सगळी मेहनत चार इंच टेपनं वाया घालवली. आणि तीही शेवटच्या रांगेत! ड्रायव्हरपासून सगळ्यात लांब, सेकंड शिफ्टच्या मुली रात्री अकराला जिथं बसतात तिथं.

हा नियम आला कशातून ते आठवा. १६ डिसेंबर २०१२ ला दिल्लीत चालत्या बसमध्ये जे झालं, त्यानंतर २०१३ मध्ये महिलांच्या सुरक्षेसाठी निर्भया निधी आला. २८ नोव्हेंबर २०१६ च्या अधिसूचनेनं प्रवासी वाहनांत लोकेशन यंत्र आणि इमर्जन्सी बटण सक्तीचं केलं, १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या गाड्यांना ते लागू झालं. दुचाकी, तीनचाकी, ई-रिक्षा वगळल्या. या सगळ्याच्या मुळाशी गाडीत अडकलेली एक बाई आहे आणि तिच्या हाताशी असलेलं बटण आहे. लोकेशन तर साधं जीपीएसही देत होतं. बारा हजार आपण बटणासाठी मोजतो.

कंपनीशी भांडण दोन आठवडे चाललं. पहिलं उत्तर, वायरिंग वॉरंटीत येत नाही. मी म्हटलं, वायरिंग खराब झाल्याची तक्रार नाहीच, तुमच्या माणसानं सुरक्षेचं बटण बंद करून मला चालू म्हणून सांगितलं ही तक्रार आहे. दुसरं उत्तर, व्हिजिट चार्ज भरा. मी पीळ दिलेल्या वायरींचे फोटो, त्या दिवशीचा सर्व्हिस कॉल नंबर आणि शेवटच्या रांगेचं बटण दाबतानाचा व्हिडिओ एकत्र करून मेल केला आणि लेखी उत्तर मागितलं. लेखी म्हटल्यावर सूर बदलला. नवा कपलर, नवी वायर, बटण पाणी येतं त्या कोपऱ्यातून काढून वीतभर वर. एक पैसा घेतला नाही. दुरुस्तीला आलेला मुलगा हुशार होता, त्यानं कपलरला ग्रीस भरलं आणि माझ्यासमोर प्रत्येक बटण दाबून सर्व्हरवरच्या नोंदीचा स्क्रीनशॉट दिला. मागच्या दाराचं रबर मी माझ्या खर्चानं बदललं.

एक तक्रार अजून कायम आहे आणि ती कंपनीनं नवीन मॉडेलमध्ये सोडवावीच. बटण दाबणाऱ्याला काहीच कळत नाही. दिवा नाही, थरथर नाही. घाबरलेल्या माणसानं अंधारात बटण दाबलं, तर संदेश गेला की नाही हे त्याला कसं समजावं? ड्रायव्हरला कळू नये म्हणून आवाज नको, हे पटतं. पण बटणाच्या कडेला बोटाखाली झाकेल एवढा बारीक दिवा, सर्व्हरचं उत्तर आल्यावरच लागणारा, एवढं करायला कितीसा खर्च येतो? डायरेक्ट केलेल्या बटणाचा तो दिवा कधीच लागणार नाही, म्हणजे असली चोरीही तिथंच पकडली जाईल. काकूंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बटणानंच द्यायला हवं, त्यासाठी माझा मोबाईल कशाला लागावा?

तोवर तुम्ही एवढं करा. मशीन बसवून घेताना बटणांची लूम कुठून कुठं गेलीय ते पॅनल बंद व्हायच्या आधी फोटोत घ्या. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर हेल्पलाइनला सांगून प्रत्येक बटण दाबा, शेवटच्या रांगेपासून सुरुवात करा. अलर्ट आपोआप यायला लागला आणि कुणी चुटकीसरशी बंद करून दिला, तर लगेच त्याच्यासमोर ते बटण दाबून बघा. इमर्जन्सी सुरू झाल्यावर माझं मशीन सर्व्हरकडून आदेश आल्याशिवाय नॉर्मल होत नाही, तेव्हा तपासणी झाली की तेही करून घ्या. मामांनी आता सेकंड शिफ्टच्या मुलींना बटणं कुठं आहेत ते दाखवून ठेवलंय आणि लहान पोरांच्या सहलीत त्यावर हात जाणार नाही अशी सीटची रचना करतात.

मंडळाची तुळजापूर-अक्कलकोट सहल दुरुस्तीनंतर झाली. काकू चढल्या त्या थेट शेवटच्या रांगेत, "चालू झालं का?" विचारत. मी स्क्रीनशॉट दाखवला. मशीनचं रिन्युअल उन्हाळ्यात आहे. मशीन हेच ठेवणार, कारण लोकेशनच्या बाबतीत याच्या तोडीचं मी अजून वापरलेलं नाही. फक्त बिलावर "सर्व बटणे मालकासमोर दाबून तपासली" हे वाक्य आणि तपासणाऱ्याची सही घेतल्याशिवाय पैसे सोडणार नाही, हे डीलरला आत्ताच कळवून ठेवलंय.