पानिनी, रोबेर की कोरो: रोमन भग्नावशेषांच्या चित्राची हाताने रंगवलेली प्रत निवडताना

रोमन भग्नावशेषांचे एखादे अभिजात चित्र भिंतीवर असावे, आणि तेही छापील नव्हे तर कॅनव्हासवर तैलरंगांत हाताने रंगवून घेतलेले असावे, असे ठरवल्यावर निवड बहुधा तीन चित्रकारांपाशी येऊन थांबते: इटलीचा जोव्हान्नी पाओलो पानिनी, आणि फ्रान्सचे ह्युबेर रोबेर व कामीय कोरो. (पानिनीचे नाव आपल्या व्याकरणकारासारखे असल्याने मराठी घरात त्याला उगीचच चार गुण जास्त मिळतात.) तिघांनाही जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला असल्यामुळे त्यांच्या चित्रांच्या स्वामित्वहक्काचा प्रश्न उरलेला नाही, खरा प्रश्न मापाचा आहे. मूळ चित्र केवढे आहे आणि आपण त्याची प्रत केवढी करून घेणार आहोत, यावर ती साधणार की फसणार हे बरेचसे ठरते. विक्रेत्याच्या यादीत मात्र सगळी चित्रे एकाच आकाराच्या चौकटीत दिसतात आणि नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

पानिनीचे सर्वांत मोहात पाडणारे चित्र म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील १७५७ सालचे ‘प्राचीन रोम’. एका काल्पनिक भव्य दालनाच्या भिंतींवर कोलोसियम, पँथिऑन, ट्राजनचा स्तंभ अशा वास्तूंची चित्रे दाटीवाटीने टांगलेली आहेत आणि खाली लाओकूनसारखी प्राचीन शिल्पे मांडलेली आहेत, म्हणजे एका चित्रात अख्खे रोम. पण मूळ कॅनव्हास सुमारे १७२ बाय २३० सेंटीमीटरचा आहे. त्याची ६० बाय ८० ची प्रत करून घेतली, तर मुळात वीतभर रुंद असलेले आतले चित्र जेमतेम आठ सेंटीमीटरचे उरते, त्यातली कोलोसियमची कमान तांदळाच्या दाण्याएवढी होते आणि चित्रकार कितीही कसलेला असला तरी तिथे तपकिरी ठिपक्यापलीकडे काही उमटत नाही. हे चित्र निदान दीड मीटर रुंद करवून घेता येत नसेल, तर त्याचा नाद सोडलेला बरा.

पानिनीच हवा असेल, तर वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतील ‘पँथिऑनचा अंतर्भाग’ हे सुमारे १७३४ चे चित्र अधिक शहाणपणाचे आहे. पँथिऑन, म्हणजे रोममधले घुमटाचे प्राचीन मंदिर, ही भग्न वास्तू नव्हे हे खरे, परंतु प्राचीन रोमचा दगड पाहण्याची हौस तिथे पुरेपूर भागते. मूळ चित्र सुमारे १२८ बाय ९९ सेंटीमीटरचे, उभे, आणि त्यात एकच सलग अवकाश असल्यामुळे ते थोडे लहान केलेलेही सोसते. इथे कस लागतो तो यथादर्शनाचा, म्हणजे सपाट कॅनव्हासवर दूर-जवळ दाखवण्याचा. प्रत्यक्ष घुमटात चौकोनी खाचांच्या पाच रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेत अठ्ठावीस खाचा. वर जाताना त्या एकसारख्या लहान होत गेल्या पाहिजेत. कारागिराने पाठवलेल्या छायाचित्रात सर्वांत आधी तिथेच पाहावे. एक रांग जरी वाकडी गेली, तरी सगळा घुमट एका बाजूला कलल्यासारखा वाटतो, आणि तो दोष नंतर रंगाने झाकता येत नाही.

रोबेर १७५४ मध्ये रोमला गेला, अकरा वर्षे तिथे राहिला आणि पानिनीचा प्रभाव घेऊन परतला, तरी त्याचा हात अगदी वेगळा आहे. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातील १७८७ चे ‘पाँ द्यु गार’ हे सोळाव्या लुईसाठी फोंतेनब्लो राजवाड्यात लावण्याकरिता काढलेल्या चार चित्रांपैकी एक. त्यात दक्षिण फ्रान्समधला तीन मजली रोमन जलसेतू आहे. मूळ चित्र २४२ सेंटीमीटरचा चौरस आहे. तरीही मीटरभर चौरसाची प्रत चांगली उतरते, कारण चित्राचा सगळा भार मोठ्या कमानींवर आणि त्यांवर पडलेल्या उन्हावर आहे. तपशील गेले, तरी कमानी राहतात. धोका उलट बाजूने आहे. खाली वावरणारी माणसे रोबेरने दोन-चार फटकाऱ्यांत उभी केली आहेत. नक्कल करणारा हौसेने त्यांना नाकडोळे काढू लागला, की ती खेळण्यातल्या बाहुल्यांसारखी दिसू लागतात. ‘माणसांचे चेहरे रेखू नका’ हे मागणीतच लेखी द्यावे.

कोरोविषयी मी जरा अधिक लिहिणार आहे, कारण त्याच्या बाबतीत मी स्वतः चुकलो. १८२६ च्या मार्चमध्ये रोमच्या पॅलाटिन टेकडीवरील फार्नेझे बागेत बसून त्याने सकाळी एक, दुपारी एक आणि संध्याकाळी एक अशी तीन दृश्ये रंगवली. दुपारचे कोलोसियम आणि संध्याकाळचे फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आज लूव्हरमध्ये आहेत. दोन्ही कागदावर तैलरंगांत काढून पुढे कॅनव्हासवर चिकटवलेली, आणि जेमतेम ३० बाय ५० सेंटीमीटरच्या आसपासची. मी फोरमचे चित्र सोफ्यामागच्या भिंतीसाठी १२० सेंटीमीटर रुंद करवून घेतले. कारागिराने मन लावून काम केले होते. तरीही मूळ चित्रात कुंचल्याच्या एका ओढीत बसलेली भिंत आता हातभर सपाट पिवळा पट्टा झाली होती, आणि पुढच्या झाडांचा गर्द हिरवा रंग भोकासारखा दिसत होता. कोरोची खरी किमया उन्हातल्या गेरूसर दगडाच्या आणि सावलीतल्या निळसर करड्या दगडाच्या फिकट-गडदपणातील अगदी थोड्या फरकात आहे. तो फरक वाढला, तर चित्र भडक होते, आणि बुजला तर मेलेले दिसते. म्हणून ही प्रत मूळ मापाच्या जवळपासच घ्यावी. लूव्हरमध्ये बसून नक्कल करणाऱ्यांना आपली प्रत मुळापेक्षा एक पंचमांशाने लहान किंवा मोठी ठेवावी लागते. तो नियम फसवणूक टाळण्यासाठी आहे, पण कोरोपुरते ते माप सौंदर्यदृष्ट्याही अगदी योग्य ठरते.

तेव्हा सात-आठ फुटांची मोकळी भिंत आणि हात सैल सोडण्याची तयारी असेल, तर मी रोबेर घेईन. पुस्तकांच्या कपाटाशेजारी, जवळ जाऊन पाहण्याजोगी जागा असेल तर कोरो. पानिनी मी तेव्हाच घेईन, जेव्हा कारागिराचे आधीचे वास्तुचित्रण प्रत्यक्ष पाहिलेले असेल.

चित्र हाती आल्यावर बाजूने तिरपा उजेड टाकून पाहावे आणि गडद भागावर भिंग धरावे. फटकाऱ्यांखाली एकसारखे बारीक ठिपके दिसले, तर छापील कॅनव्हासवर वरून रंग फिरवला आहे असे समजावे. जाड रंगाचे तैलचित्र आतून वाळायला महिने लागतात, त्यामुळे शेवटचे वॉर्निश साधारण सहा महिन्यांनी देणे इष्ट. मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी चित्र पाऊस सरल्यावर मागवावे, ओल येणारी बाहेरची भिंत टाळावी आणि फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवून घ्यावेत, म्हणजे कॅनव्हासमागे हवा खेळती राहते आणि पहिल्याच श्रावणात बुरशी धरत नाही.